सासूबाई आणि मागचे शॉकअप

माझ्या सासूबाईंचं वजन ब्याऐंशी किलो आहे, हे इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. सांगितलं त्यांनीच, पण विचारलं मी. कंपाउंडात, मोठ्याने, रविवारी सकाळी.

त्याचं असं झालं, मी सेकंडहँड गाडी घेतली. नुसती सेकंडहँड नव्हे, इम्पोर्टेड! (कुणी 'जुनी' म्हणायच्या आत मी 'इम्पोर्टेड' म्हणून टाकायचो.) दर रविवारी बायकोला, म्हणजे वनिताला, आणि सासूबाईंना घेऊन मी चेण्याला जायचो. सासूबाई राहतात नवघर गावात, माहेर चेण्याचं. त्या धवलारीण आहेत. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाणारी बाई ती. तिने गायल्याशिवाय नवरदेवाला हळद लागत नाही. त्यांच्या भाच्याची हळद एका रविवारी ठरली होती.

घोडबंदर रोडला लागलं की गाडीच्या मागून 'खडाक' व्हायचं. प्रत्येक स्पीडब्रेकरला. मी एकटा ऑफिसला जायचो तेव्हा काही नाही, सासूबाई मागे बसल्या की खडाक. गॅरेजला जायचं सोडून मी मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो.

हळदीच्या आदल्या रविवारी चेण्याला निघण्याआधी मी प्रयोग मांडला. मागचं चाक आणि वरचा पत्रा यांच्यात बोटं घालून अंतर मोजायचं. रिकामी गाडी, चार बोटं. वॉचमन बसला, तीन बोटं. मग म्हटलं, "आई, तुम्ही बसा." त्या बिचाऱ्या कौतुकाने बसल्या. दीड बोट!

"सापडलं," मी ओरडलो. "वनिता, आवाज आईंमुळे होतोय. आई, तुमचं वजन किती?"

"ब्याऐंशी," सासूबाईंनी सरळ सांगितलं.

गॅलऱ्यांतून माना बाहेर आल्या. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी हसलं. सासूबाई सावकाश उतरल्या, पदर सारखा केला आणि गेटबाहेर जाऊन रिक्षात बसल्या. मी मात्र अजून बोटं मोजत होतो.

संध्याकाळी वनिता फोन ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "आई हळदीला येत नाहीये."

"का?"

"म्हणते, माज्यानं गारी मोडते, मांडव पन मोडंल."

तेव्हा मला पहिल्यांदा लाज वाटली. माझ्या दीड बोटापायी एका घरची हळद अडणार होती. शिवाय चेण्यात जावयाला पाट देऊन बसवतात. आता तो पाट बहुधा पाठीत बसणार होता.

सोमवारी रजा टाकून काशीमिऱ्याला सलीमभाईंच्या गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी गाडीचा मागचा कोपरा जोरात दाबला आणि सोडला. गाडी वरखाली हलतच राहिली.

"अच्छा शॉकअप एक बार में बैठ जाता है," सलीमभाई म्हणाले. "ये तो नाच रहा है. आप डिकी में लेटो, मैं चलाता हूँ. आवाज किधर से आता है, सुनो."

डिकीचं झाकण उघडंच ठेवून मी आत आडवा झालो. (वाटेत सिग्नलला बिल्डिंगच्या सेक्रेटरीबाई दिसल्या. मी नमस्कार केला. झोपून.) पहिल्या स्पीडब्रेकरला डोकं आपटलं, दुसऱ्याला आवाज कळला. उजवीकडून.

गाडी जॅकवर चढली. उजव्या शॉकअपमधून, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या नळकांड्यातून, तेल गळून गेलेलं, त्याच्या टोकाचं रबरी बुश झिजून गेलेलं, आणि स्प्रिंगचा खालचा वेढाच तुटलेला.

"ये तो महीनों से ऐसा है," ते म्हणाले.

"पण आवाज फक्त सासूबाई बसल्यावर येतो."

"अकेले में गाना बजाते हो?"

"हो. जोरात."

"और मांजी बैठती हैं तब?"

तेव्हा मी बंद करतो. थोरामोठ्यांसमोर कशाला, म्हणून. आदर म्हणून! म्हणजे गाडी रोजच खडखडत होती, फक्त सासूबाईंचा मान राखला की मला ऐकू यायची. मी हे समजून घेत असताना सलीमभाई पाठ फिरवून हसत होते.

तिथून तसाच नवघरला गेलो. सासूबाई ओट्यावर कोळंबी सोलत होत्या. मी सगळं सांगितलं, गाणी, स्प्रिंग, डिकी, सेक्रेटरीबाई. काहीही लपवलं नाही. शेवटी म्हणालो, "आई, चूक माझी. चारचौघांत बोललो, माफी पण चारचौघांत मागेन. पण तुम्ही हळदीला चला."

त्यांनी कोळंबीवरची नजर काढली नाही. "गारी नीट झाली का बघून सांगते."

पार्ट बाहेरून यायला शनिवार उजाडला. रविवारी दुपारी सासूबाई मागच्या सीटवर बसल्या. मी गाणी लावली नाहीत. घोडबंदरच्या एकेका स्पीडब्रेकरला माझा जीव वरखाली होत होता, गाडी मात्र शांत होती.

मांडवात मी सगळ्यांसमोर वाकून माफी मागितली. ज्यांना काहीच माहीत नव्हतं, त्यांनाही त्यामुळे सगळं कळलं. सासूबाईंच्या भावाने विचारलं, "काय गो ताय, जावयाची गारी कशी हाय?"

"गारी झाली नीट," सासूबाई म्हणाल्या. "जावय तेवरा ऱ्हायलाय."

आणि त्यांनी खणखणीत आवाजात पहिला धवला उचलला. मी पाटावर मान खाली घालून बसलो. सलीमभाईंनी कामाची सहा महिन्यांची गॅरंटी दिली होती, पण ती फक्त गाडीच्या मागच्या भागाची होती. पुढे स्टिअरिंगवर जे बसतं, ते त्यात येत नव्हतं.