आईनं रद्द केलेली गाडी

त्या दिवशी शोरूममध्ये सगळ्यात मोठ्या आवाजात मी बोलत होतो, आणि चूकही सगळ्यात मोठी माझीच होती. आज हे लिहायला सोपं जातंय. तेव्हा कुणी तोंडावर सांगितलं असतं तर त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

आई चौसष्टाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ते असेपर्यंत ती त्यांच्या स्कूटरवर मागे बसायची, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पर्स आणि पर्सवर भाजीची पिशवी. गोल बाजारात जायचं असो की कुणाकडे हळदीकुंकवाला, बाबांना वेळ असेल तेव्हा निघायचं. बाबा गेले, स्कूटर विकली, आणि मग सगळं माझ्या सवडीवर आलं. माझं ऑफिस नवा रायपूरला. चौबे कॉलनीत घरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन जाते. "आई, रविवारी नेतो ना," असं मी म्हणायचो आणि रविवारी दुपारी जेवून ताणून द्यायचो.

एक दिवस तिनं कुणाला न विचारता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. मला कळलं तेव्हा मी आधी हसलो आणि मग चिडलो. माझं सगळं असंच असतं.

"आता या वयात कशाला आई? मी आहे ना. कुठं जायचं ते सांग, मी नेतो."

"तू नेते तेव्हा मी जाते," ती म्हणाली. "मले जायचं असते तेव्हा नाही."

मला ते पटलं नाही. महिनाभर ती सकाळी सहा वाजता साडीवर स्वेटर घालून निघायची आणि नवा रायपूरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर शिकवणाऱ्या भैयाशेजारी बसून गिअर टाकायची. परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाली. मी दुसऱ्यांदा झालो होतो. ही गोष्ट तिनं कधी बोलून दाखवली नाही, माझ्या बायकोनं मात्र पाहुण्यांसमोर दोनदा दाखवली.

आईचा स्वभाव कळायला तिची नोकरी कळली पाहिजे. मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती तीस वर्षं सहायक होती. आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर अजूनही चिठ्ठी असते, आत काय आहे आणि कधी भरलं त्याची. हळदीच्या बरणीवरसुद्धा. लहानपणी मी विचारलं होतं, "हळद काय दिसत नाही का?" तर म्हणाली, "दिसते. तरी लिहायचं." प्रयोगशाळेतल्या रजिस्टरचा एक नियमही ती घरात पाळायची. लिहिताना चुकलं तर खोडरबर लावायचं नाही, गिरवायचं नाही. चुकलेल्या ओळीवर एक सरळ रेघ, शेजारी सही, आणि खाली नव्यानं लिहायचं. दूधवाल्याच्या कॅलेंडरवरही तिच्या अशा सह्या आहेत.

तर, दसऱ्याच्या आधी आम्ही शोरूममध्ये गेलो. गाडी तिनंच पसंत केली, छोटी, गिअरवाली, राखाडी रंगाची. पैसे तिच्या निवृत्तीचे. बुकिंगचा अकरा हजारांचा चेक तिनं घरूनच लिहून आणला होता. चेक टेबलावर ठेवून ती परत गाडीत जाऊन बसली आणि आरसा आपल्या उंचीला लावू लागली. काचेतून तिचा चेहरा दिसत होता. इतकी खूश मी तिला बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच पाहत होतो. इकडे टेबलावरच्या मुलीनं मला विचारलं, "सर, गाड़ी किसके नाम पे?"

मी क्षणभरही विचार केला नाही. "मेरे ही नाम पे कर दीजिए. बाद में ट्रांसफर का झंझट नहीं रहेगा."

नाव माझं, पॅन माझं, मोबाइल नंबर माझा, सही माझी. वर मला स्वतःच्या दूरदृष्टीचं कौतुकही वाटलं. बाबा गेल्यावर विजेचं मीटर, गॅस, घराचा कर, सगळं त्यांच्या नावावरून काढून माझ्या नावावर करताना मी किती खेटे घातले होते! आईलाही प्रत्येक ठिकाणी सही करायला सोबत नेलं होतं. ते परत नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

रात्री जेवताना आईनं चष्मा लावून पावती वाचली.

"यावर तुझं नाव काहून आहे?"

"अगं, पुढे ट्रान्सफरची कटकट नको म्हणून."

"पुढे म्हणजे कधी?"

माझा घास तोंडात होता. तो गिळून मी म्हणालो, "पुढे म्हणजे... पुढे." बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. आईनं पावतीची घडी केली, मला आणखी एक पोळी वाढली आणि विषय सोडून दिला. निदान मला तसं वाटलं.

दोन दिवसांनी मी ऑफिसातून आलो तर ती म्हणाली, "गाडी रद्द कराले सांगून आली मी. पण ते म्हणतात, सही तुझी लागते. शनिवारी चल."

मी भडकलो. मुहूर्त, रंग, चार महिन्यांची उठाठेव, शिकवणीचे पैसे, सगळं काढलं. एका नावावरून एवढं? घरात काय तुझं-माझं आहे? ती भांडी आवरत होती. माझं बोलणं संपल्यावर तिनं एवढंच म्हटलं, "माझी गाडी नव्हती ते." मला वाटलं, रुसली. मनातल्या मनात मी तिला हेकट ठरवलं आणि शनिवारी तो सगळा राग शोरूमच्या मॅनेजरवर काढायचं ठरवलं. कारण आईवर काढून झाला होता आणि काही उपयोग झाला नव्हता.

आणि काढलाही. मॅनेजर भला माणूस होता. तो म्हणाला, बुकिंग रद्द होईल, थोडी रक्कम कापली जाईल, बाकीचे पैसे तीन-चार आठवड्यांत येतील. मी टेबलावर हात आपटला. गाडी बनलीसुद्धा नाही, काय म्हणून कापता? ग्राहक म्हणजे काय समजता? आजूबाजूची माणसं बघू लागली.

"बैस," आई म्हणाली. मी बसलो. तिनं पावती उलटी करून माझ्यासमोर धरली. मागे बारीक अक्षरांत सगळं छापलेलं होतं. "सही करताना वाचलं नाही तू. त्यांनी लिहूनच ठेवलं आहे." मग मॅनेजरकडे वळून म्हणाली, "काट लीजिए. पर जितना काटेंगे उसकी रसीद दीजिए, मेरे नाम से."

मॅनेजर जरा अडखळला. म्हणाला, "माताजी, बुकिंग तो सर के नाम से है. पैसा भी सर के ही खाते में जाएगा."

"नाही," आई म्हणाली.

"आई, येऊ दे ना माझ्या खात्यात. दोन मिनिटांत मोबाइलवरून तुला पाठवतो."

"मग ते तू दिलेले होतील," ती मला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. उलट थोडा बारीकच झाला होता, आणि मला पहिल्यांदा आत कुठंतरी टोचलं.

मॅनेजर समजावू लागला, "माताजी, बात तो एक ही है. बेटे का खाता, आपका खाता."

आईनं पर्समधून पासबुक काढलं, त्यावर अकरा हजारांच्या त्या चेकची चेकबुकातली स्थळप्रत ठेवली आणि दोन्ही त्याच्याकडे सरकवलं. "एक ही है, तो मेरे खाते में डाल दीजिए."

मॅनेजरनं पासबुकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबत खुर्चीवरून उठला. मलाही हसू आलं. इतका वेळ बोंबलून मला जे जमलं नव्हतं ते तिनं एका वाक्यात केलं होतं. आत जाऊन कुणाला तरी विचारून तो परत आला. म्हणाला, होऊ शकतं, पण सरांना लिहून द्यावं लागेल की ही रक्कम त्यांची नाही.

कोऱ्या कागदावर मी अर्ज लिहायला बसलो. आई सांगत होती, मी हिंदीत लिहीत होतो. 'यह राशि मेरी नहीं है, मेरी माताजी की है,' इथवर आलो तर ती म्हणाली, "माताजी नको लिहू. नाव लिही. पूर्ण."

मी तिचं नाव लिहायला पेन टेकवलं आणि हाताच्या सवयीनं स्वतःचंच लिहून बसलो. गिरवून दुरुस्त करायला गेलो तर तिनं माझं मनगट धरलं. "रेघ मार. सही कर. खाली लिही." मी रेघ मारली, सही केली, आणि खाली तिचं नाव लिहिलं. शेवटचं कधी लिहिलं होतं ते आठवेना. बाबांच्या कागदांवर असेल, 'पत्नी' या शब्दापुढे. पंचेचाळीस वर्षांचा मी, आणि आईचं पूर्ण नाव लिहिताना नवीन शब्द शिकल्यासारखं हळू लिहीत होतो. मला लाज वाटली. आपण तिच्या गाडीवर आपलं नाव घातलं तेव्हा ती नसेल त्या दिवसाची सोय करत होतो, आणि ते तिच्यासमोर पोळी खाता खाता बोललो होतो. हे मला कळायला परक्या माणसाच्या टेबलावर अर्ज लिहावा लागला.

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "आई, चुकलं माझं."

"हव," ती मान डोलावून म्हणाली. "कापलेले पैसे तुझ्याकडून घेईन." आणि घेतलेही, घरी पोचल्याबरोबर.

पुढचे आठवडे मी तिला पाहत होतो. दर शनिवारी सकाळी अकरा वाजता ती स्वतःच्या मोबाइलवरून शोरूमला फोन लावायची आणि तेच वाक्य त्याच सुरात बोलायची. चिडणं नाही, विनवणं नाही. कुणी काय उत्तर दिलं ते वहीत तारखेसह लिहायची. मी असतो तर दुसऱ्याच शनिवारी तिथं जाऊन तमाशा केला असता. तिसऱ्या शनिवारी टेबलावरच्या त्याच मुलीनं फोन घेतला असावा, कारण आई तिला खोकल्यासाठी ज्येष्ठमध सांगत होती. चौथ्या आठवड्यात पैसे आले. मोबाइलवर मेसेज दिसला तरी तिचं समाधान झालं नाही. बँकेत जाऊन पासबुकात छापून आणलं आणि ती ओळ मला दाखवली. मी नीट वाचली. या वेळी खरंच वाचली.

त्या शनिवारी ती म्हणाली, "सुट्टी आहे ना तुले? चल."

ई-रिक्षा थांबली ती त्याच शोरूमपुढे. तीच मुलगी धावत आली, "आइए आंटीजी," म्हणून तिला हाताला धरून आत घेऊन गेली. तीच गाडी, तोच राखाडी रंग. या वेळी यार्डात तयार उभी होती. मी चक्रावलो.

"हीच घ्यायची होती तर रद्द कशाला केली?"

"मी एकटी आली होती ना, त्याच दिवशी या पोरीनं सांगितलं होतं मले. झालेल्या बुकिंगवर नाव बदलत नाही. रद्द करा, नवीन करा." ती माझ्याकडे पाहून हसली. "गिरवून थोडीच होते?"

महिनाभर मी तिला रुसलेली समजत होतो. ती रुसली नव्हतीच. चुकलेल्या ओळीवर रेघ मारून ती खालची ओळ लिहायची वाट पाहत होती, एवढंच. त्या शोरूममध्ये उभं राहून मला तिचा फार अभिमान वाटला.

फॉर्म तिनंच भरला, एकेका चौकटीत एकेक अक्षर. मी बाजूला हात बांधून उभा होतो आणि एकदाही तोंड घातलं नाही. मग मुलीनं विम्याचा कागद पुढे केला. सगळ्यात वर मालकाचं नाव, तिथं आईनं आपलं पूर्ण नाव लिहिलं. खाली वारसाचा रकाना होता. मला वाटलं, ती थांबेल, विचारेल. तिनं न विचारता माझं नाव लिहिलं, बाबांच्या नावासकट, एकही चूक न करता, आणि कागद वाचायला माझ्या हातात दिला.

"पुढे, पुढे म्हणत होता ना तू," ती म्हणाली. "त्याच्यासाठी हा खालचा रकाना असते. वरचा माझा."