हरिसिंगनं नेलेल्या रिकाम्या बाटल्या

शेलूबाजारच्या सोजरबाईच्या गोठ्यात सहा म्हशी होत्या. विधवा बाईनं एकटीनं वाढवलेल्या. डेअरीवाला दूध मोजताना ती मापावरून नजर हलवत नसे. म्हशींसाठी ढेपेचं पोतं घेताना त्याची शिवण तपासत असे. म्हणून तांड्यावरचा हरिसिंग दारात येऊन म्हशींच्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या आणि वापरलेल्या सुया मागू लागला, तेव्हा तिला संशय आलाच.

“कायले पायजे तुले?”

“दवाखान्यात नेऊन देतो, काकू. उकिरड्यावर नोका फेकू.”

कचरा कोण दवाखान्यात नेतं? हा बाटल्यांत पाणी भरून औषध म्हणून विकत असणार, असं तिनं मनाशी धरलं. ओळख पटावी म्हणून एका बाटलीच्या लेबलवर तिनं खिळ्यानं फुली ओढली आणि पिशवी त्याच्या हाती दिली. तो मंगरूळपीरच्या बसमध्ये चढला. पदर तोंडावर ओढून तीही चढली.

औषधाची दुकानं मागं टाकून हरिसिंग सरळ जनावरांच्या दवाखान्यात शिरला. तिथल्या माणसानं सुया जाड पांढऱ्या डब्यात टाकल्या, बाटल्या निळ्या खोक्यात. फुलीची बाटलीही त्यातच गेली. बदल्यात हरिसिंगनं काहीच घेतलं नाही.

सोजरबाई पुढं झाली. “तुले याच्यात काय भेटते रे?”

तो दचकला. मग त्यानं उजव्या हाताचं वाकडं बोट दाखवलं. “शेणखत भरताना सुई घुसली होती. बोट पिकलं. दोन महिने कामाले गेलो नाही.”

“कोनाच्या खतात?”

“जाऊ द्या ना आता.”

पण तिला आठवलं. दोन वर्षांमागं म्हशीची कास सुजली होती, रोज इंजेक्शन चालू होतं. सुया तिनंच उकिरड्यावर फेकल्या होत्या आणि ते खत ट्रॉलीत भरायला हरिसिंगच आला होता.

“मले तवाच काहून नाही सांगतलं?”

“सांगतलं असतं त तुमी मानलं असतं काय?”

नसतंच मानलं. 

पुढच्या वेळी सुयांचा झाकणाचा डबा घेऊन ती स्वतःच त्याच्यासोबत दवाखान्यात आली. दवाखान्याचा कचरा नेणारी गाडी येईपर्यंत बाकड्यावर बसली आणि ड्रायव्हरला गाठलं.

“हे कुठी नेता तुमी? खरंच जाळता, का नाल्यात टाकता?”

ड्रायव्हरनं सगळं समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली आणि गाडीचा नंबर हरिसिंगला लिहून घ्यायला लावला.