बागेतली माती कुठून आली?

त्या प्रकरणाचं नाव निघालं की माझं डोकं आजही तापतं. खून नव्हता, दरोडा नव्हता. इथे इंग्लंडमधल्या आमच्या कौन्सिलने, म्हणजे नगरपालिकेने, एका बिल्डरला घरं बांधायची परवानगी देताना दोन अटी घातल्या होत्या, एवढाच विषय. पण 'हे माझं काम नाही' असं इतक्या थंडपणे म्हणणारी इतकी माणसं मला नोकरीत दुसऱ्या कुठल्याही प्रकरणात भेटली नाहीत.

दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं. साउथहॅम्प्टनपासून फार लांब नसलेल्या एका गावच्या ठाण्यात मी सार्जंट होतो. चोऱ्या, मारामाऱ्या, दारुडे यांच्या जोडीला वन्यजीव गुन्ह्यांचं कामही माझ्याच गळ्यात होतं. हे काम कुणी मागून घेत नाही. मीटिंगला जो हजर नसतो त्याला ते मिळतं. मला तसंच मिळालं होतं.

एका सकाळी काउंटरवरच्या बाईंचा फोन आला. "सार्ज, तुमच्याकडची एक मुलगी आलीये. सापांबद्दल बोलतेय. मला साप झेपत नाहीत. तुम्हीच या."

मुलगी पंचविशीची होती. बुटांना चिखल, अंगात पिवळं जाकीट, छातीशी धरलेली एक वही. माझ्या छातीवरचं आडनाव वाचलं आणि तिने सरळ मराठीत सुरुवात केली.

"सर, तुम्ही मराठी आहात नं? मग जरा शांतपणे ऐका. दोन ठिकाणी हसून घालवलं मला."

ती मूळची नागपूरची. इथल्या एका पर्यावरण सल्लागार कंपनीत कामाच्या परमिटवर होती. त्या कंपनीला बिल्डरने नेमलं होतं. जागा म्हणजे कोळशापासून गॅस काढायचा जुना कारखाना. तो पडून बरीच वर्षं झाली होती, पण जमिनीत डांबर आणि शिसं मुरलेलं होतं. म्हणून पहिली अट अशी की घरांच्या बागांमधली वरची माती काढून टाकायची आणि बाहेरून तपासलेली स्वच्छ माती आणून भरायची. दुसरी अट प्राण्यांची. त्या ओसाड गवतात स्लो-वर्म राहायचे. दिसायला साप, पण खरं तर बिनपायांचा सरडा. कुणाला चावत नाही, आणि कायद्याने त्याला मारणं गुन्हा आहे. घरं उभी राहत असताना त्यांचा एक पट्टा कुंपण घालून राखला होता; त्याला हात लावण्याआधी ते सगळे पकडून दुसरीकडे सोडायचे होते.

पकडायची पद्धत साधी. छपरावर घालतात त्या डांबरी फेल्टचे चौकोनी तुकडे गवतात पसरायचे. ते उन्हाने तापतात आणि ऊब घ्यायला स्लो-वर्म त्यांच्याखाली येतात. सकाळी एकेक तुकडा उचलून बघायचा. सलग पाच दिवस एकही सापडला नाही की जमीन मोकळी झाली असं लिहून द्यायचं. प्रत्येक तुकड्यावर तिने स्वतः पांढऱ्या रंगाने नंबर टाकला होता.

"शेवटच्या दिवशीसुद्धा सदतीस नंबरखाली दोन होते," तिने वही उघडून दाखवलं. "मी साहेबांना सांगितलं, अजून दोन आठवडे लागतील. त्यांनी मला दुसऱ्या साइटवर पाठवून दिलं. आणि आता कौन्सिलमध्ये जो रिपोर्ट आहे त्यात पाच दिवस शून्य लिहिलंय. खाली सही माझी. पण ती सही मी केलेली नाही, सर. मी खोटं नाही बोलून राहिली."

"कुणी केली मग?"

"केली नाही. चिकटवली. माझ्या आधीच्या रिपोर्टवरची सही उचलून फोटोकॉपी मारलीये."

"आणि हे तू ऑफिसात बोललीस?"

"बोलली नं. साहेब म्हणाले, सीझन संपला, सरडे झोपले, तू पण झोप."

मला हसू आलं. मग ती पुढचं बोलली आणि हसू गेलं. येत्या शुक्रवारी तिथल्या घरांच्या चाव्या द्यायच्या होत्या. बहुतेक घरांत लहान मुलं येणार होती.

मी कौन्सिलला फोन लावला. परवानग्यांवर देखरेख ठेवणारा माणूस म्हणाला, "दोन्ही अटी पूर्ण झाल्याची नोंद झालीये. फाइल बंद आहे."

"जागेवर कोण जाऊन आलं?"

"रिपोर्ट आलाय की."

"ते मलाही माहीत आहे. पण जागेवर कोण गेलं?"

"मातीचं काम आरोग्यवाल्यांचं."

आरोग्यवाल्यांनी मला प्राण्यांचं बघणाऱ्याकडे पाठवलं. प्राण्यांचं बघणारा आठवड्यातून दोनच दिवस यायचा, आणि तो दिवस त्यातला नव्हता. परत पहिल्या माणसाकडे आलो तेव्हा तो जेवायला गेला होता. तीन खुर्च्या, तीन टेलिफोन आणि त्या जागेवर एकाचाही पाय पडलेला नाही! कागद आला म्हणजे काम झालं, अशी सगळ्यांची ठाम श्रद्धा. माझे इन्स्पेक्टरही त्यात कमी नव्हते. "सरड्यांसाठी मी दोन माणसं देऊ?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "सरड्यांसाठी नको. बनावट सहीसाठी द्या." त्यावर त्यांनी एक कॉन्स्टेबल दिला, तोही फक्त दुपारपर्यंत.

साइटवर गेलो. घरं देखणी होती. बागांत हिरवळीच्या पट्ट्या गालिच्यासारख्या अंथरलेल्या. साइट मॅनेजर हसतमुख, धिप्पाड माणूस. त्याने हेल्मेटं दिली, चहा विचारला आणि बागांतली माती एका शेतावरून आणल्याचं सांगितलं. मी एका बागेतल्या हिरवळीचं टोक उचललं आणि कॉन्स्टेबलला म्हटलं, "मार फावडं."

तीन-चार फावड्यांत काळी, चिकट माती वर आली. नव्या डांबरी रस्त्यासारखा वास. कॉन्स्टेबलने नाकाला रुमाल लावला. "सार्ज, ही माती शेतातली असेल तर त्या शेतातलं मी काही खाणार नाही." पुढच्या फावड्याबरोबर एक फाटका काळा तुकडा आला. मी बोटाने चिखल पुसला. पांढऱ्या रंगात तीन आणि सात.

सगळा उलगडा त्या तुकड्यात होता. स्लो-वर्मसाठी कुंपण घालून राखलेली जमीन त्यांनी आतल्या जिवांसकट यंत्राने खरवडली. मग तीच विषारी माती 'बाहेरून आणलेली स्वच्छ माती' म्हणून मुलांच्या बागांत पसरली. एका झटक्यात दोन्ही अटी मोडल्या, आणि कागदावर दोन्ही पूर्ण!

दुसऱ्या दिवशी मॅनेजर वकिलाला घेऊन ठाण्यात आला. टेपरेकॉर्डरमध्ये दोन कॅसेटी घातल्या, त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले. माझा अनुभव असा की खोटं बोलणाऱ्याला अडवायचं नसतं, त्याला ऐसपैस बोलू द्यायचं असतं.

"बागांतली माती कुठली?"

"बाहेरची. एका शेतावरून ट्रकने आणली. लॅबचा दाखला आहे."

"साइटवरची थोडीही मिसळली नाही?"

"एक चमचासुद्धा नाही."

"आणि कुंपणातल्या जमिनीला कधी हात लावला?"

"रिपोर्ट आल्यावर. त्याआधी आमची माणसं आत गेलीच नाहीत."

मी पुराव्याची पिशवी टेबलावर ठेवली. त्याने वकिलाकडे पाहिलं, वकिलाने खिडकीकडे.

"वाऱ्याने उडून आला असेल," मॅनेजर म्हणाला.

"आणि हिरवळीखाली जाऊन झोपला?"

त्याने पिशवी बोटाने दूर सरकवली. मग म्हणाला, "मला वरून तारीख दिली होती. तारीख पाळ म्हणाले. कशी पाळायची ते कुणी सांगितलं नाही."

इथे प्रकरण सुटलं असं वाचकांना वाटेल. पण न्यायालयात सदतीस हा नुसता आकडा होता. तो तुकडा कुठे ठेवला होता, त्याच्याखाली काय होतं आणि कोणत्या दिवशी, हे फक्त त्या वहीत होतं. आणि वही हजर करायची तर त्या मुलीने जबाब द्यायला हवा होता. तिचं परमिट त्याच कंपनीच्या नावाने होतं. नोकरी गेली की देशही सोडावा लागणार.

मी तिला बोलावलं. तिची काळजी वाटत होती, हे खरं. आणि प्रकरण लवकर हातावेगळं करायचं होतं, हेही तितकंच खरं. मी म्हणालो, "हे बघ, तुझं नाव मध्ये नको आणायला. वही परत ऑफिसात ठेवून दे. आम्ही कंपनीला पत्र पाठवून ती रीतसर मागवून घेतो."

"सर, तुम्ही पत्र पाठवाल त्याच दिवशी ती वही गायब होईल."

"बघू की तेव्हा."

"काय बघणार?" ती चिडली. "कौन्सिलवाले तुम्हाला हेच सांगत होते नं? आमचं काम नाही, पत्र पाठवा, बघू? तुम्हीच तर रागाने सांगत होते मला!"

जबाबाचा कोरा कागद टेबलावर होता, तो मी माझ्याकडे ओढला.

"रिपोर्टवर माझं नाव आहे, सर. त्या घरात राहणारी बाई उद्या बागेत मेथी लावेल. ती काही मॅनेजरचं नाव वाचणार नाही. द्या तो कागद इकडे."

तिने जबाब दिला. प्रत्येक पानावर सही केली, सावकाश आणि पूर्ण नावाची.

चाव्या थांबल्या. बागा पुन्हा खणल्या गेल्या, आणि या वेळी कौन्सिलचा माणूस रोज बांधावर उभा होता. घरं काही महिन्यांनी भरली. बिल्डरला दंड झाला. तिच्या साहेबांना ताकीद मिळाली आणि ते त्याच खुर्चीत राहिले. तिला मात्र कंपनीची वही परवानगीशिवाय बाहेर नेली म्हणून काढलं. तिच्या बाजूने मी एक पत्र लिहायला हवं होतं. साक्षीदाराच्या नोकरीत पोलिसांनी पडू नये, असं इन्स्पेक्टर म्हणाले. मी पडलो नाही. परमिटची मुदत संपली आणि ती नागपूरला परत गेली.

कामचुकार माणूस ओळखणं मला आधीपासून येत होतं. या प्रकरणाने शिकवलं ते वेगळं. जबाबदारी ढकलताना माणसाचा आवाज मोठा मायाळू होतो. तो समोरच्याच्या भल्याचं बोलतो आणि ते त्याला स्वतःलाही खरं वाटतं. माझा आवाज त्या दिवशी तसाच झाला होता.

पुढच्या वर्षी बढतीच्या मुलाखतीत मला विचारलं, तुम्ही स्वतः पुढाकार घेऊन तडीस नेलेलं एखादं प्रकरण सांगा. मी हेच सांगितलं. कॉन्स्टेबलचं फावडं, चिखलातला आकडा, टेबलावर ठेवलेली पिशवी, सगळं रंगवून. मुलाखत घेणारे तिघेही खूश झाले. बढती मिळाली. तिचा उल्लेख मी 'एक साक्षीदार' एवढाच केला होता.