रजिस्टरात नसलेला वजनकाटा

सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी काटेबाई वजनकाट्यावर वाळूची पिशवी ठेवत होत्या. पिशवीवर 'पाच किलो' असं छापलेलं आहे. एक्स-रे काढताना मुलांचे पाय हलू नयेत म्हणून ती असते. काट्याने पाच दाखवले. बाईंनी पिशवी उचलली, आकडा शून्यावर आला आणि सीटी स्कॅनच्या खोलीचा दिवस सुरू झाला.

बाई तिथल्या टेक्निशियन. वय एक्कावन्न, नोकरी सव्वीस वर्षं. मुलाच्या पोटाचा सीटी काढायचा तर किती किरण सोडायचे, हे इथल्या जुन्या मशीनला मुलाच्या वजनावरून ठरवून द्यावं लागतं. वजन जास्त सांगितलं की किरणही जास्त. समोर झोपलेलं पोर काडीपैलवान आहे, हे मशीनला दिसत नाही. किरण दिसत नाहीत, दुखत नाहीत आणि जास्त पडले म्हणून त्याच दिवशी कोणी भांडायला येत नाही. त्यामुळे या कामात अंदाजपंचे खपून जातं.

पहिली काही वर्षं बाई पालकांनाच वजन विचारत. वडिलांना ते माहीत नसतं, पण ते पटकन सांगतात. आईला माहीत असतं, पण सासू शेजारी असली की त्यात दोन किलो वाढतात. सासूनेच सांगितलं तर चार. घरात पोराला खायला घालत नाहीत, हे कोणाला ऐकून घ्यायचं नसतं. घराची अब्रू राहते आणि तिचे किरण पोराच्या पोटात जातात.

म्हणून दहा वर्षांपूर्वी एक दवाखाना बंद होत असताना बाईंनी तिथला काटा मागून घेतला आणि नवऱ्याच्या स्कूटरवर मांडीत धरून आणला. नवरा शिंपी. "सदऱ्याला आम्ही दोनदा माप घेतो, तुम्ही पोराला एकदा तरी घ्या," एवढंच तो म्हणाला. नणंद मात्र मुलांना घेऊन येते तेव्हा उंबऱ्यातूनच विचारते, "वहिनी, आधी काट्यावर चढायचं की चहा मिळेल?"

त्या दिवशी साडेआठला स्टोअरकीपर आला.

"बाई, काटा खाली नेतोय. अकराला तपासणी समिती येतेय आणि हा रजिस्टरात नाही."

"दहा वर्षं इथेच आहे."

"तेच तर. दहा वर्षं नसलेली वस्तू दहा वर्षं दिसतेय. कोणी विचारलं तर मी काय सांगू?"

"मग मुलांचं वजन कशावर करू?"

"वॉर्डात आहे की. स्टिकरसकट."

वॉर्डातला काटा रजिस्टरात आहे, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. रिकामा असताना तो कधी चार किलो दाखवतो, कधी सात.

पावणेअकराला चार वर्षांची मुलगी आली. पोटात दुखत होतं आणि सोनोग्राफीत नीट कळलं नव्हतं. बरोबर आई आणि आजी. फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. घरी तिला ठमी म्हणतात.

"अठरा किलो. लिहा," आजी म्हणाली.

"ताई, तुम्ही सांगा."

आईने फरशीकडे पाहिलं. "आई म्हणतात तेवढंच असेल."

आतून सीटीचे डॉक्टर म्हणाले, "लिहा की अठरा, बाई. समिती खाली आलीसुद्धा. किरण जरा जास्त पडले तर चित्र सुरेखच येईल."

"चित्र भिंतीवर लावायचं नाही, डॉक्टर. दुखतंय कशाने, तेवढं दिसलं म्हणजे झालं."

बाईंच्या तक्त्यात पंधरा किलोच्या आतलं मूल एका रकान्यात आहे, पंधराच्या वरचं दुसऱ्या. दुसऱ्या रकान्यात किरण जवळपास दीडपट आहेत. बाईंनी वाळूची पिशवी काखेत मारली, ठमीचं बोट धरलं आणि त्या एक मजला खाली स्टोअरमध्ये गेल्या. मागोमाग आई, तिच्यामागे कुरकुरत आजी.

"जमा झालेली वस्तू चिठ्ठीशिवाय बाहेर देता येत नाही," स्टोअरकीपर म्हणाला.

"बाहेर नकोच आहे. मुलीला आत आणलंय. तिला आत यायला चिठ्ठी लागते का?"

स्टोअरकीपरने विचार केला. मुलींबद्दल नियम नव्हता.

फिनेलचे कॅन आणि नवे झाडू यांच्यामध्ये ठमी काट्यावर उभी राहिली. तेरा किलो सहाशे ग्रॅम.

"काटा बिघडलाय तुमचा," आजी म्हणाली.

बाईंनी ठमीला उतरवून पिशवी ठेवली. बरोबर पाच.

"मग सकाळपासून उपाशी ठेवलीय ना तिला. त्याने उतरलं असेल."

"साडेचार किलोचा नाश्ता करते का हो ती, आजी?"

आईला हसू आलं. ते तिने पदराआड नेलं, पण आजीने पाहायचं ते पाहिलं. नेमकी तेव्हाच दारात समिती उभी राहिली. तीन माणसं, तीन फायली.

"इथे काय चाललंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"बालरुग्णांचं वजन, सर," स्टोअरकीपरने पापणीही न लववता सांगितलं. "स्वतंत्र व्यवस्था आहे."

"काट्याची नोंद?"

"आहे ना. हा घ्या नंबर."

नंबर खरा होता. सकाळी काटा जमा करून घेताना तो रजिस्टरात चढवावाच लागला होता. दहा वर्षं जे अर्ज करून झालं नाही, ते जप्तीने झालं. अध्यक्षांनी फायलीत लिहिलं: 'बालरुग्णांसाठी स्वतंत्र वजन कक्ष. व्यवस्था स्तुत्य. आहे त्याच जागी कायम ठेवावी.'

वर येऊन बाईंनी पंधराच्या आतला रकाना लावला. चित्र जरा दाणेदार आलं. डॉक्टरांनी नाक मुरडलं, मग पडद्याजवळ वाकून पाहिलं. "अपेंडिक्सच आहे. बाजूला पू धरलाय. सर्जनना बोलवा." दाण्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुपारी बाई काटा परत मागायला गेल्या. स्टोअरकीपरने समितीचा शेरा पुढे केला.

"कायम ठेवावी म्हटलंय, बाई. आता हलवला तर माझी नोकरी हलेल."

"स्टोअर आठला उघडशील?"

"वेळ नऊची आहे. तीही रजिस्टरात आहे."

उद्या पहिलं मूल सहा वर्षांचं, पोटाच्याच सीटीसाठी. यादीत त्याची वेळ पावणेनऊ होती. ती खोडून बाईंनी सव्वानऊ केली आहे, आणि शेजारच्या 'उशिराचं कारण' या रकान्यात आजच लिहून ठेवलं आहे: वजन.