वाट चुकलेला टीबी

नर्स म्हणून ड्यूटीवर असताना किस्से सांगायला वेळ नसायचा. आता रिटायर झालेय. औरंगपुऱ्यातल्या या खोलीत किस्से ढीगभर आणि ऐकायला भिंती! तुम्ही आलात ते बरं झालं. बसा, आमच्या मुलांच्या वॉर्डातली गया सांगते.

*

गया सात वर्षांची, कन्नड तालुक्यातल्या मेंढपाळाची. आई नव्हती. पोट टम्म, हातपाय काड्या. गावात जंताचं औषध देऊन दमले होते. आमच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं, एक्स-रे काढला, म्हणाले, "आतड्याचा टीबी."

बाप भडकला. "पोरगी खोकत बी नाय! छातीचा रोग पोटात कसा? वाट चुकला का काय?"

*

"दूध उकळून देता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"उकळल्यावर ताकद ऱ्हाती व्हय? थेट धार तोंडात!"

कच्च्या दुधातूनही हा रोग येतो म्हणून डॉक्टर लई ओरडले. पुढच्या खेपेला बाप बरणी घेऊन हजर. "तीनदा उकळलं, साहेब!" एसटीतल्या उन्हानं ते पार नासलेलं! मी नको म्हणेस्तोवर गयानं बोट बुडवून चाखलंसुद्धा.

*

एकदा गादी झटकली तर खाली कॅप्सूल!

"ते खाल्लं की लघवी लाल होती. रगत जातंय माझं."

चार दिवस एकटीच घाबरत होती बिचारी. माझाच गाढवपणा, आधी सांगायला हवं होतं. म्हटलं, "अगं, तो औषधाचा रंग! लाल दिसली म्हणजे औषध पोटात गेलं."

झालं! दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांचा राउंड चालू, आणि गया दारातून ओरडली, "सिस्टर, लाल!"

*

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात एसटी बंद पडल्या. बाप मेंढरांमागं कुठं होता, देव जाणे. शेजारच्या खाटेवरच्या पोराची आई बजाजनगरहून मिळेल त्या गाडीनं यायची. गया तिच्याकडं टक लावून बघायची. मग मी माझा डबा गयाच्या खाटेवर उघडायला लागले.

"सिस्टर, तुमच्या घरी कोन हाय?"

"कुणी नाही."

"मंग माझ्यावानीच की!"

मी हातातला घास तिलाच भरवला.

*

काही महिन्यांनी बाप आला. तोवर गयाचं पोट उतरलेलं, गाल वर आलेले, मी दोन वेण्या घातलेल्या. तो तिच्या खाटेजवळून पुढं गेला. सगळ्या खाटा फिरला आणि मटकन खाली बसला. "गेली का माझी पोर?"

"आबा!" गया ओरडली.

त्यानं वर बघितलं. "ही नाय माझी. माझी लई बारीक हाय."

असा राग आला तिला! "जा मंग! मी सिस्टरची हाय!"

तो माझ्याकडं बघत राहिला, मी काय सांगते म्हणून. आणि देवाशपथ खरं सांगते, "तुमचीच आहे" असं मला लगेच म्हणवेना.