भाकरी पोचवणारा माणूस

हे मी घरात सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलीला नाही. ज्या मैत्रिणीला माझ्या गुडघ्यांपासून जावयापर्यंत सगळं ठाऊक आहे, तिलाही नाही. मुलाखतींत तर प्रश्नच येत नाही – तिथे विचारणाऱ्याला जेवढं आधीपासून माहीत असतं तेवढंच मी बोलते. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा नुसता थकवा आला असेल. खरं सांगते, पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द आहेत. एखादी पिशवी फार वेळ हातात धरली की बोटं दुखायला लागतात ना, तसं झालंय माझं.

मी कादंबऱ्या लिहिते. राजकीय, थरारक. मंत्रालयातला खून, रातोरात पडणारं सरकार, दिल्लीहून आलेला फोन – असला माल. बसस्टँडवरच्या स्टॉलवर, पाण्याच्या बाटल्या आणि कुरकुऱ्यांच्या माळांमागे माझी पुस्तकं असायची. आता तिथे मोबाइलची कव्हरं असतात. आणि दुपारी मी मुलांसाठी थोरांची चरित्रं लिहायची. पंचवटीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, एकाच टेबलावर. सकाळी एखाद्या मुख्यमंत्र्याला विष घालायचं आणि जेवून उठलं की कुणा समाजसेवकाला शाळेत घालायचं. हे हसायचे. म्हणायचे, एक दिवस चुकून उलटं करशील.

तर – उलटं झालंच. पण चुकून नाही.

माझ्या थरारकथांची एक युक्ती होती. ती सांगायलाच हवी, कारण सगळं तिथून सुरू झालं. माझ्या गोष्टीतला फितूर नेहमी सगळ्यांत जवळचा माणूस असायचा. चहा आणून देणारा, औषधाची आठवण करणारा, ज्याच्याकडे संशयाने बघायची वाचकालाच लाज वाटेल असा. वाचक दर वेळी फसायचे आणि खूश व्हायचे. प्रकाशकाने तर एकदा भर कार्यक्रमात सांगितलं की ताईंच्या कादंबरीत जो माणूस जेवायला वाढतो त्याच्यापासून सावध राहा. सगळे हसले. मीही हसले. छान वाटलं होतं तेव्हा.

मग त्याच प्रकाशकाने मला एक बालचरित्र लिहायला सांगितलं. घोटीकडच्या एका शिक्षकाचं. त्यांना मी इथे नुसतं गुरुजी म्हणते. चलेजावच्या दिवसांत ते भूमिगत होते, भाताच्या एका गिरणीत लपले, पकडले गेले, तुरुंग भोगून आले आणि पुढे जन्मभर डोंगराकडच्या पोरांना शिकवत राहिले. चरित्र लिहायला घेतलं तेव्हा गुरुजी हयात नव्हते. पण कधीकाळी नाशकात त्यांचा एक सत्कार झाला होता, तेव्हा मी त्यांच्याशी बराच वेळ बोलले होते. हे लक्षात ठेवा. यावर मी परत येणार आहे – यायचं नसलं तरी.

माहिती गोळा करायला मी घोटीला गेले. तिथून गुरुजींच्या गावी. गावातल्यांनी मला सोनाबाईंच्या घरी नेलं. सोनाबाई माझ्याहून वयाने मोठ्या, भातशेती करणाऱ्या, हातात हिरव्या बांगड्या, बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची सवय. त्यांचे वडील राघो त्या गिरणीत पोती शिवायचे. लहानपणी बैलगाडीखाली पाय सापडला होता, म्हणून लंगडायचे. गुरुजी गिरणीत कोंड्याच्या ढिगामागे बसून असायचे आणि राघो त्यांना रोज जेवण न्यायचे.

"बा सदऱ्यात भाकर घालून न्यायचा," सोनाबाई म्हणाल्या. "पाय वढीत वढीत. कुनाला काय वाटायचं बी नाय, लंगडा मानूस कुठं चालला म्हून. लय जीव व्हता त्याचा गुरुजींवर."

एवढं सांगून त्यांनी मला बळेच जेवायला बसवलं. भात, उडदाचं घुटं, वर लसणाची चटणी. मी दोनदा भात घेतला.

आणि घरी येऊन मी काय केलं?

गुरुजी पकडले गेले ते प्रकरण लिहायचं होतं. मुलांचं पुस्तक, पण हात माझा. कुणीतरी पोलिसांना सांगितलं असलं पाहिजे, असं वाटलं – म्हणजे वाटलं असंही नाही, गोष्टीला ते हवं होतं. कोण सांगेल? लपायची जागा कुणाला माहीत होती? टेबलावर माझी अर्धी कादंबरी पडलेली होती. तिच्यात एक खानसामा आपल्या मालकाला विकत होता. मी कागद ओढला आणि लिहून टाकलं. जेवण आणणारा लंगडा माणूस एका संध्याकाळी भाकरी ठेवतो, गुरुजींच्या पाया पडतो आणि बाहेर जाऊन फौजदाराला खूण करतो. पाया पडतो – ते तर मला फारच आवडलं होतं.

नाव बदललं मी. एवढी अक्कल होती. पण लंगडणं ठेवलं. लंगडणं काढलं तर तो माणूस कागदावर उभाच राहिना. नाव बदललं म्हणजे आपण सुटलो, असं आम्हा कादंबरीवाल्यांना वाटतं. गावाला नावाची काय गरज? त्या गिरणीवर दुसरा लंगडा नव्हता.

पुस्तक चाललं. माझ्या सगळ्या कादंबऱ्यांपेक्षा जास्त चाललं. शाळांनी घेतलं, वाचनालयांनी घेतलं. वक्तृत्व स्पर्धेत पोरं तेच प्रकरण पाठ करून यायची. 'आणि मित्रहो, ज्या हाताने भाकरी दिली, त्याच हाताने –' असं म्हणून हात वर करायची. मी परीक्षक असायची बऱ्याचदा. आवाजाला गुण द्यायची, हावभावाला द्यायची.

मग एक दिवस सोनाबाई माझ्या दारात.

घोटीहून एसटीने आल्या होत्या, स्टँडवरून शेअर रिक्षाने पंचवटीत, मग भाजीबाजारात पत्ता विचारत विचारत. जिने चढून धाप लागली होती. हातात तांदळाची पिशवी. नवा इंद्रायणी, घरचा. भांडायला आलेलं माणूस तांदूळ घेऊन येतं का? पण त्या भांडायला आल्याच नव्हत्या. पाणी प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि नेहमीसारखा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ताई, माझा नातू साळंतून रडत आला. पोरं म्हनत्यात तुझा पणजा फितूर. पुस्तकात हाय म्हनं. त्यो लंगडा – त्यो माझा बा हाय का?"

मी काहीतरी बोलले. पुस्तकात नाव वेगळं आहे, गोष्टीत थोडं इकडचं तिकडे करावं लागतं, असलं काहीतरी. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या –

"तुमी गुरुजींना भेटला व्हता ना? त्ये तसं बोलले का? गुरुजी बोलले आसतील तर मला फुडं काय बोलायचं नाय."

इथे मी थांबते. तुम्ही म्हणाल, थांबायचं कारण काय, आता सांगून टाक. सांगते. पण आधी गुरुजी मला काय बोलले होते ते सांगायला हवं. ते तर मी पुस्तकातही लिहिलं नाही.

सत्काराच्या दिवशी, हार-तुरे झाल्यावर, मी त्यांना विचारलं होतं की गुरुजी, गिरणीत तुम्ही सापडलात कसे? म्हातारा इतका हसला की कवळी सांभाळावी लागली. "अहो, शिंका!" म्हणाले. "कोंडा नाकात गेला आणि शिंकांवर शिंका. पोलीस बाहेर चहा पीत उभे होते, त्यांनी ऐकलं. एवढंच. इंग्रजांनी नाही, मला नाकाने पकडून दिलं. गावात कधी सांगितलं नाही हो, पोरं वर्गात शिंकत बसतील." आणि लगेच, हसणं न थांबवता, ते म्हणाले होते – "आमचा राघो बिचारा भाकरी घेऊन आला तोवर मी बेड्यांत. ती भाकरी हातात धरून रस्त्यात रडत उभा राहिला."

हे मला माहीत होतं. लिहिताना माहीत होतं. विसरले नव्हते, गोंधळ झाला नव्हता, कुणी चुकीची माहिती दिली नव्हती. मला शिंक नको होती. थोर माणूस शिंकून पकडला जातो, यावर प्रकरण कसं संपवायचं? आज वाटतं, पोरांना तर शिंकच आवडली असती. घरोघरी शिंकून दाखवलं असतं त्यांनी. पण मला टाळी हवी होती, हसू नको होतं.

तर सोनाबाईंनी विचारलं, गुरुजी तसं बोलले का. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

मी म्हणाले, "हो."

का म्हणाले? पुस्तकाला तेव्हा कुठलासा पुरस्कार जाहीर झाला होता, हे खरं. त्या समारंभासाठी मी साडीही काढून ठेवली होती. पण तेवढंच कारण नव्हतं. 'मी ते मनाने रचलं' हे वाक्य तोंडातून काढायचं, तेही त्या बाईसमोर, जिच्या घरी मी दोनदा भात घेतला होता – त्यापेक्षा 'हो' फार सोपं होतं. एकाच अक्षरात काम झालं. आणि वर मी काय केलं, ऐका. त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. तो काळच तसा होता. गुरुजींनी त्यांना माफ केलं होतं."

म्हणजे जो गुन्हा झालाच नव्हता, त्याची मी मेलेल्या माणसाकडून माफीही देववली.

सोनाबाई रडल्या नाहीत. त्यांनी मान हलवली, जशी बाजारात भाव पटल्यावर हलवतात, आणि उठल्या. जेवून जा म्हटलं तर नको म्हणाल्या. तांदूळ मात्र ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी तो शिजवला. हे म्हणाले, भात काय सुंदर झालाय, कुठून आणलास? मी म्हणाले, एक वाचक देऊन गेली.

यानंतर गप्प बसले असते तरी एक वेळ – नाही, एक वेळही नाही. पण पुढचं जे आहे, त्यामुळे मी आज लिहिते आहे.

गुरुजींच्या गावच्या शाळेने स्नेहसंमेलनाला मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. नाही कसं म्हणायचं? गेले. मैदानात मांडव, सतरंज्या, टेबलावर गुरुजींचा फोटो, त्याला झेंडूचा हार. शाल-श्रीफळ झालं. मग मुलांनी माझ्या पुस्तकावरून नाटुकलं केलं. एक मुलगा पंचा गुंडाळून, एक पाय ओढत, भाकरी घेऊन स्टेजवर आला आणि सगळा मांडव हसला. पोरं ओरडली, फितूर, फितूर. तो मुलगा आणखी जोरात लंगडायला लागला.

नाटुकलं संपल्यावर बायकांच्या बाजूने सोनाबाई उठल्या. कुणी बोलावलं नव्हतं. हळूहळू स्टेजवर आल्या. मुख्याध्यापकांनी गडबडून माइक त्यांच्यापुढे धरला. मला वाटलं, आता. आता ही बाई सगळ्यांसमोर मला उभी करणार. आणि खोटं कशाला बोलू – भीतीच्या खाली कुठेतरी मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. गुरुजींच्या फोटोकडे तोंड केलं, हात जोडले.

"माझ्या बाची चूक झाली," त्या म्हणाल्या. "मला ठावं नव्हतं. म्या जलमभर त्याचं नाव मोठ्यानं घेत व्हते. गुरुजी, त्याच्या वतीनं मी माफी मागते. माझ्या नातवाला कुनी काय बोलू नगा."

मग कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. केवढं मोठं मन, असं शेजारी बसलेले सरपंच म्हणाले. मुख्याध्यापक डोळे पुसत होते. सगळे टाळ्या वाजवत होते.

मीही वाजवल्या.

खाली उतरताना त्या माझ्यापाशी थांबल्या. वयाने मोठी बाई, पण वाकून माझ्या पायाला हात लावला. म्हणाल्या, "ताई, तुमी खरं लिवलं म्हून मला कळलं तरी." मी त्यांना खांद्याला धरून उठवलं. फोटोवाल्याने फोटो काढला. तो फोटो पुढे शाळेच्या ऑफिसात लावला होता.

त्यानंतर मी किती वेळा घोटीवरून गेले असेन. मुलीकडे जाताना दर वेळी तोच रस्ता. गावाचा फाटा येतो, पाटी दिसते आणि मी ह्यांना म्हणते, काच वर करा, वारा लागतो.

सोनाबाई यंदा गेल्या. त्यांच्या नातवाचा फोन आला होता, मी कधीकाळी त्यांच्या घरी गेले होते म्हणून कळवलं, असं म्हणाला. घरात पणजोबांचा – म्हणजे राघोंचा – एक फोटो होता, तो आजीने कधीच उतरवून ठेवला होता, आता लावावा की नाही असं त्याने मला विचारलं. मला. मी म्हणाले, तुमच्या घरच्यांना विचार.

प्रकाशक पुस्तकाची नवी आवृत्ती काढतो आहे. या वेळी रंगीत चित्रं आहेत. लंगड्या माणसाचं चित्र चांगलं जमलंय, डोळे बारीक केलेत, भाकरी पाठीमागे लपवली आहे. तपासायला पानं आली तेव्हा मी ती तपासली. दोन-तीन छपाईच्या चुका राहिल्या होत्या, त्या दुरुस्त केल्या आणि पानं परत पाठवली.

सोनाबाई असताना हे लिहिलं नाही. त्या गेल्यावर लिहिते आहे. याचा अर्थ तुम्हाला कळतो, मलाही कळतो.

त्यांचं नाव राघो होतं. ते गिरणीत पोती शिवायचे आणि गुरुजींना भाकरी पोचवायचे. त्यांनी कुणाला काहीही सांगितलं नव्हतं.