स्टँडवरच्या बाबांची दाढी

दाढीच्या साबणाचा वास आला की माझा जीव अजून खालीवर होतो. वादळात घर आणि कागद दोन्ही गमावलेले एक बाबा आमच्या एसटी स्टँडवर झोपायचे. आधार कार्डाशिवाय म्हसळ्याच्या शिबिरात डोळ्याचं ऑपरेशन होईना, आणि ओळखीचा दाखला द्यायचा सरपंचांनी. फोटो झकास यावा म्हणून मी अतिशहाण्याने आधी बाबांची दाढी उडवली. सरपंच म्हणाले, "ह्यो कोन? मी गाडीतनं रोज बघतो तो दाढीवाला! ह्याला न्हाय वळखत." बाबा उखडले, "मेल्या, आता तूच आंधळा हो!" मग मी रोज सकाळी स्टँडवर जाऊन त्यांची हनुवटी तपासायचो. शेवटी पांढरं रान माजलं, सही झाली, ऑपरेशनही झालं. पण कार्डावरच्या फोटोत दाढी आहे ना! म्हणून आजही स्वतःची दाढी अर्धी टाकून स्टँडवर धावतो, दुसऱ्या कुणा भल्या माणसाने त्यांना न्हाव्याकडे नेलं तर नाही?